शुक्रवारची लाइन

१० ऑक्टोबर २००३, शुक्रवार

पुन्हा तुटली! शुक्रवारी यांची सुट्टी, म्हणून मस्कतहून त्याच दिवशी बोलतात. दिवाळीले येता काय, एवढंच विचारलं — अन् हेडफोन मुका. आमच्या सायबर कॅफेतल्या साऱ्याच कम्प्युटरची लाइन गेली. गिऱ्हाईक ओरडले. साऱ्यांना लाइन देणाऱ्या मोठ्या मशीनवर, जिथून मी बोलते, तेच इंग्रजी — टाइमआउट, टाइमआउट. छत्तीसगड राज्य झालं त्याच साली गेले हे. दुकान माझ्या गळ्यात.

आता पुढचा शुक्रवार येईस्तोवर काय करू?

११ ऑक्टोबर

टेलिफोनवाल्यांना झापलं. लाइन ठीक आहे म्हणे. मंग काय माझं तोंड खराब?

१४ ऑक्टोबर

मेकॅनिक यज्ञेश्वर आला, पंडरी बाजारातून नवं नेटवर्क कार्ड घेऊन. बसवलं, चाललं. हेडफोनवर गाणं लावलं — लाइन ठप्प! डोकं फिरलं माझं. म्हटलं, नीट सांग, नाही तर उठ.

मशीनच्या पोटात कर्नल असतो म्हणे, सगळ्यांकडून काम करून घेणारा. तो कार्डाले बाहेर धाडायचा माल देते. माल गेला की कार्ड घंटी वाजवते. घंटी नाही आली तर कर्नल जराशी वाट पाहते, टाइमआउट लिहिते, अन् कार्ड बंद करून पुन्हा चालू करते.

"जराशी म्हणजे किती?"

"पाँच सेकंड, काकू."

एवढ्यात थकला! माझी ही तिसरी दिवाळी.

१६ ऑक्टोबर

सापडलं! आवाजाचं कार्ड अन् नेटवर्कचं कार्ड — दोघांची घंटी एकच. वाजली की कोणाची ते कर्नलले समजे नाही. अन् आवाजाचं कार्ड बसवायले लावलं कोणी? मीच. यांचा आवाज ऐकायचा होता ना! म्हणजे मीच ऐकायले बसायची अन् मीच लाइन तोडायची.

यज्ञेश्वरनं आवाजाचं कार्ड दुसऱ्या खाचेत लावलं, घंट्या वेगळ्या केल्या. दिवसभर गाणी वाजवली, एकदाही टाइमआउट नाही. उद्या पुरं बोलणं होईल.

यांना अनारसे आवडतात. तांदूळ भिजत घातले. रोज पाणी बदलावं लागते, विसरायचं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लाइन गेली नाही. गिऱ्हाईक आरामात बसले होते. दिवाळीले येता काय, विचारलं. यांच्या खोलीतला पंखासुद्धा ऐकू येत होता. मग म्हणाले, "हॅलो... हॅलो... शेवंते, आवाज कटून राहिला."

अन् यांनीच बंद केलं.

तांदळाचं पाणी बदललं नाही.