पेशंटचं स्टूल

सर, तुम्ही गेल्यावरही महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आसपासच्या गावांतले डॉक्टर मिरजगावात तुमच्याच दवाखान्यात जमतो. नियमही तुमचेच. ज्याचं काही चुकलं असेल त्यानं पेशंटच्या स्टुलावर बसून सांगायचं, बाकीच्यांनी आधी फक्त विचारायचं, शहाणपण नंतर. तुम्ही आमच्यासोबत बाकावर बसायचात, त्यामुळे तुमची खुर्ची तेव्हाही रिकामी असायची, आताही असते.

ऊसतोडीवरून परतलेली ती बाई आधी माझ्याकडे आली होती. "छातीत लई जळजळतंय, घाम सुटतोय, जबडाबी दुखतोय," म्हणाली. बाहेर गर्दी होती. ईसीजीचं मशीन हाताशी असूनही मी पित्ताच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा तिला तुमच्याकडे घेऊन आला. तुम्ही ईसीजी काढलात आणि स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसून तिला नगरला नेलंत. बाई वाचली. हे मला त्या नवऱ्याकडूनच कळलं. माझी चिठ्ठी तुम्ही पाहिली असणार, त्यामुळे रविवारी माझी काही धडगत नाही असं धरूनच मी आलो.

आणि तुम्ही स्वतःच स्टुलावर बसता. "माझ्याकडे एक बाई आली," तुम्ही सांगता, "घाम, जबडा, सगळं सांगत होती बिचारी. मी पित्त समजलो." कोणीतरी विचारतं, ईसीजी का नाही काढला? "गर्दी होती. आणि बाईमाणसाचं दुखणं आपण अर्धंच ऐकतो." जी उत्तरं मी द्यायची, ती तुम्ही मान खाली घालून देत होता. पंचक्रोशी ज्यांच्या शब्दावर चालायची, ते तुम्ही! एवढं मोठं मन मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. निघताना माझी चिठ्ठी घडी करून तुम्ही माझ्या खिशात सरकवलीत. म्हणालात, "वाटेल तेव्हा बसा. स्टूल कुठं जात नाही."

मी बसायच्या आत तुम्हीच गेलात.

गेल्या रविवारी नवी आलेली एक डॉक्टर त्या स्टुलावर बसून रडली. तिनंही असाच एक पेशंट घरी पाठवला होता. कोणीतरी तिची समजूत घातली, "अहो, आमच्या सरांचीसुद्धा हीच चूक झाली होती." तिनं डोळे पुसले.

हे पत्र त्या जुन्या चिठ्ठीत गुंडाळून ठेवतोय. पुढच्या रविवारी स्टुलावर बसून वाचेन म्हणतो, पण असं मी आधीही म्हटलंय. आणि सर, तिची समजूत घालणारा तो कोणीतरी मीच होतो.