उर्दूच्या कपाटाची यादी

चाचा, आपल्या वाचनालयातलं उर्दूचं कपाट गेल्या महिन्यात ऑनलाइन यादीत चढलं. मीच चढवलं. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "ऑनलाइन म्हंजे कुठं गं?" आणि मला ते धड सांगता आलं नसतं. एवढंच सांगते की आता बदनापूरला बसलेल्या माणसालासुद्धा आपल्या कपाटात काय आहे ते त्याच्या फोनवर दिसतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमच्या खुर्चीवर मी बसते, ग्रंथपाल म्हणून सही करते, आणि अजूनही कोणी नवीन माणूस दारात आला की उभी राहते, कारण तुम्ही उभे राहायचात.

मी चोवीस वर्षांची होते तेव्हा नवरा गेला आणि मी जाफराबादला दादाकडं परत आले. दिवसभर वहिनीच्या मागंमागं करायचे, नाहीतर मागच्या दारात बसून राहायचे. तुमची आणि दादाची जुनी ओळख. तुम्ही एक दिवस घरी आलात, चहा घेतलात आणि दादाला म्हणालात, "हिला माझ्याकडं पाठवून द्या. पुस्तकं झटकायला का होईना, पण माणसांत राहील." दादा लगेच हो म्हणाला. मी मात्र पहिले आठ दिवस रडतच आले. तुम्ही एकदाही 'रडू नको' म्हणाला नाहीत. नुसतं काम देत राहिलात. पुस्तकाचा कणा कसा धरायचा, पुठ्ठ्याला खळ किती लावायची, शिक्का मजकुरावर न पडता कोपऱ्यात कसा मारायचा. वरच्या फळीला माझा हात पुरत नव्हता, तर महिन्याभरानं सुताराकडून माझ्या मापाचं दोन पायऱ्यांचं स्टूल करून आणलंत आणि भिंतीला टेकवून ठेवलंत. म्हणालात, "आता कोणाला हाक मारायचं काम न्हाई." नवरा गेल्यापासून कोणीतरी माझ्यासाठी मुद्दाम करून आणलेली ती पहिली वस्तू होती.

तो शुक्रवार मला आजही तसाच दिसतो. तुम्ही नमाजला गेला आहात. मी एकटी टेबलावर आहे. एक शिंपीकाम करणारे गृहस्थ येतात आणि उर्दूतलं कुठलंसं पुस्तक मागतात. मी जागेवरूनच म्हणते, "चाचा आल्यावर या. त्या मुंग्यांच्या रांगा मला कुठून वाचता येणार?" आणि हसते. ते गृहस्थही ओशाळून हसतात. वर बघते तर तुम्ही दारात उभे, टोपी अजून डोक्यावर. तुम्ही त्यांना पुस्तक काढून दिलंत, वहीत नोंद केलीत, त्यांना दारापर्यंत पोचवलंत. मग माझ्यासमोर येऊन बसलात. आवाज चढवला नाहीत.

"बेटी, वाचता येत न्हाई यात शरम न्हाई. मलाबी इंग्रजी कुठं येतं बराबर? पण जे येत न्हाई त्याच्यावर हसायचं न्हाई. आणि या टेबलावर बसून तर बिलकुल न्हाई."

माझे कान तापले. मी मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "रोज एक अक्षर शिक. जास्त न्हाई. दोन महिन्यात कव्हरवरची नावं वाचशील."

शिकवायला सुरुवातही केलीत. दुपारी साडेतीनला, वाचक कमी असायचे तेव्हा, रद्दी कागदाच्या मागच्या बाजूला. अलिफ, बे, पे, ते. तुम्ही बोरूनं काढायचात, मी खाली पेननं. माझी अक्षरं उलट्या दिशेला पळायची आणि तुम्ही म्हणायचात, "उजवीकडून गं, उजवीकडून, घरी यायची वाट हीच." नऊ अक्षरांपर्यंत गेलो आपण. मग मला कंटाळा आला. खरंच, दुसरं काही नाही. उन्हाळा होता, दुपारी डोळे मिटायचे, आणि मनात यायचं की मला हे शिकून करायचंय काय. पण तुमच्यासमोर कंटाळा आला म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून एक दिवस म्हणाले, "चाचा, नको. दादाला आवडत न्हाई. लोकं काय म्हणतील म्हणून घरी बोलून राह्यला."

दादा काही बोलला नव्हता. दादाला तर मी शिकतेय हेसुद्धा माहीत नव्हतं.

तुम्ही बोरू पुसलात आणि दौतीचं झाकण लावलंत. "ठीक ए," एवढंच म्हणालात. "घरात वाद नको." मला वाटलं, सुटले. पण त्या दिवाळीला तुम्ही फराळाला आला नाहीत. दादानं निरोप पाठवला, तुम्ही तब्येतीचं कारण सांगितलंत. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन तुम्ही दरवर्षी स्वतः यायचात, पुढच्या ईदला मात्र डबा वाचनालयातच माझ्या हातात दिलात आणि हळूच म्हणालात, "घरी विचारलं तर सांग, सगळ्यांनाच वाटला." मी डबा घरी नेला. दादानं वाटी पुसून खाल्ली आणि विचारलं, "चाचा का न्हाई आले गं?" मी म्हणाले, कामात होते. मग ते तसंच चालू राहिलं. रस्त्यात भेटलात तर दादाला सलाम करायचात, हालहवाल विचारायचात, पण ओसरीवर पाय ठेवला नाहीत. पुढं चार वर्षांनी तुम्ही गेलात. एका खोट्या वाक्यामुळं दोन माणसांची बैठक मोडली, आणि दोघांपैकी एकालाही ती का मोडली ते खरं कळलं नाही.

मग आता हे मधेच का लिहायला बसले, ते सांगते. जिल्ह्यावरून पत्र आलं की सगळ्या वाचनालयांनी पुस्तकांची यादी ऑनलाइन भरायची. जालन्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. एसटीनं गेले. हॉलमध्ये चाळीसेक जण, त्यात माझ्या वयाच्या दोघी-तिघीच. माउस दोनदा दाबायच्या जागी चारदा दाबला जायचा. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, घाबरू नका, दाबल्यानं काही बिघडत नाही." पन्नाशीत हे ऐकायला बरं वाटलं. पहिल्या दिवशी पासवर्ड विसरले. दुसऱ्या दिवशी फोनला बोलून मराठी लिहायला शिकवलं. मी एका जुन्या पुस्तकाचं नाव बोलले त्यात 'विहिरी' होतं, फोननं 'विहिणी' लिहिलं. अख्खा हॉल हसला, मीही हसले. मग कॅमेऱ्याचं दाखवलं. औषधाच्या खोक्यावर फोन धरला की त्यावरचं इंग्रजी मराठी होऊन दिसतं. सगळे इंग्रजीकडं बघत होते. मी मॅडमना विचारलं, "उर्दूचं होतं का हे?" त्या म्हणाल्या, "करून बघा."

मराठीची कपाटं भरायला मला अडीच महिने लागले. आधी दिवसाला दहा पुस्तकं व्हायची, मग चाळीस. नाव, लेखक, भाषा, दाखल क्रमांक, कपाट; चौकट भरायची आणि पुढं जायचं. एकदा वीज गेली आणि दुपारभराचं काम पुसलं गेलं तेव्हा मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. पण दुसऱ्या दिवशी परत भरलं. मग उर्दूचं कपाट राहिलं. तुम्ही गेल्यापासून ते मी वर्षातून एकदा उघडायचे, डांबरगोळ्या टाकायचे आणि बंद करायचे. वाचनालयाचे सचिव म्हणाले, "ताई, ते राहू द्या. वीस वर्षांत कोणी हात लावला का? सरळ निर्लेखनात घाला, यादीतून कमी होतील आणि कपाटबी रिकामं होईल." निर्लेखनात गेलेली पुस्तकं कुठं जातात ते मला ठाऊक आहे. भंगारवाला पोतं घेऊन येतो. मी म्हणाले, "पंधरा दिवस द्या."

चाचा, फोन तुमच्या लिपीपुढं अडखळला. साधी छापील अक्षरं त्याला कळायची, पण जुन्या कव्हरांवरची ती एकमेकांच्या खांद्यावर चढलेली वळणदार अक्षरं दिसली की तो काहीही बोलायचा. एका पुस्तकाचं नाव त्यानं 'बकरीची परवानगी' असं सांगितलं. तीन दिवसांत अकरा पुस्तकं झाली, आणि त्यांतली किती बरोबर आहेत याची मलाच खात्री नव्हती. निदान क्रमांक तरी जुळवावेत म्हणून मी तुमची जुनी दाखल नोंदवही काढली, उर्दूची, लाल कापडाच्या पाठीची. ती वही मी कधीच उघडली नव्हती. तुमची उर्दू मला वाचता येणार नाही, मग उघडून काय करायचं, असंच डोक्यात होतं.

उघडली, तर शाईतल्या प्रत्येक उर्दू नावाखाली पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षर. नाव मराठीत, लेखक मराठीत, आणि पुढं दोन शब्दांत विषय: 'शायरी', 'हकिमी', 'बायकांसाठी', 'प्रवास'. पानामागून पान. पहिल्या पानाच्या समासात तुम्ही लिहिलं होतं, "तुझ्या घरी त्रास नको, म्हणून मराठीत लिहून ठेवलं. मी नसलो तर अडू नये."

मी ते टेबलावर हात ठेवून परत वाचलं. समोर एक आजोबा पेपर वाचत होते, त्यांनी विचारलं, "बाई, बरं न्हाई का?" मी म्हणाले, धूळ गेली डोळ्यात. किती दुपारी लावल्या असतील तुम्ही, हात थरथरायला लागल्यानंतरच्या. आणि ते मला एकदाही बोलून दाखवलं नाहीत, कारण तुमच्या मते मी बिचारी घरच्यांच्या धाकात होते.

शेवटची अडतीस पुस्तकं तुमच्याकडून राहिली होती. पेन्सिल तिथं संपते. ती मी फोननं वाचून काढली आणि इथल्या उर्दू शाळेतल्या बाईंना व्हिडिओ कॉलवर एकेक कव्हर दाखवून तपासून घेतली. त्या चुका सांगायच्या, मी चौकटीत दुरुस्त करायचे. त्यांनीच मला फोनवर उर्दू अक्षरांची पाटी, म्हणजे कीबोर्ड, चालू करून दिली, मग नावं दोन्ही लिप्यांत भरली. उजवीकडून सुरू होणारा कर्सर बघून मला आधी वाटलं मशीन बिघडलं. पंधराव्या दिवशी सचिवांना स्क्रीन दाखवली. ते चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, "एवढं होतं व्हय त्याच्यात? राहू द्या मंग."

यादी लागली आणि तीन आठवड्यांनी बदनापूरहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. उर्दूतलं लोणच्या-मुरब्ब्यांचं एक पुस्तक तिला यादीत दिसलं होतं. "खरंच आहे का तुमच्याकडं? माझ्या अम्मीकडं होतं हे. तिच्यानंतर कुठंच मिळालं न्हाई." दुसऱ्या दिवशी ती बस बदलून आली. काही पानांना कसर लागलेली होती. तिनं त्या भोकांवरून बोट फिरवत मला कैरीचा मुरब्बा मोठ्यानं वाचून दाखवला, आणि जिथं शब्द खाल्ला गेला होता तिथं आईचा शब्द आठवून घातला. मला वाटलं, तुम्ही आत्ता येऊन तिच्यासाठी चहा सांगाल.

त्या संध्याकाळी घरी जाऊन दादाला सगळं सांगितलं. दादा आता पंचाहत्तरीला आलाय, कान कमी झालेत, त्यामुळं मला ते मोठ्यानं, दोनदा सांगावं लागलं. खोटं बोलल्याची कबुली ओरडून द्यायची वेळ आली. तो म्हणाला, "मला वाटायचं माझंच काही चुकलं. एकदा कापसाच्या गाडीवर बसून आले तेव्हा मस्करी केल्ती मी त्यांची. तेच मनाला लागलं म्हणून येत न्हाईत, असं धरून बसल्तो इतकी वर्षं." मग त्यानं विचारलं, "पण त्यांना सांगितलंस ना तू? जाण्याआधी?"

जालन्याच्या दवाखान्यात मी तुम्हाला बघायला आले होते, तेच सांगायला. तुमच्या उशाशी मोसंबी ठेवली, चादर नीट केली. तुम्ही विचारलंत, "वाचनालय बराबर चालू ए ना?" मी हो म्हणाले आणि बस चुकेल म्हणून निघाले. बसला अजून तासभर अवकाश होता.

दादा माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणाले, "हो. दवाखान्यात सांगितलं. चाचा हसले." त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग ठीक ए," तो म्हणाला, आणि कधी नव्हे ते दोन घास जास्त जेवला.