तुमच्या पाळीचं एक मिनिट

आणि नियम नियम करून काय मिळवलं, काका, ते सांगा आता. मागच्या आठवड्यात ती सकाळ येऊन गेली आणि तुमच्या दोस्ताचं नाव कोणीच घेतलं नाही. मी इकडं राजस्थानात, वाळूत, मोबाईलचे टॉवर चढणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोलीबाहेर बसलो होतो. मांडीवर तुमचा जुना रेडिओ रिसीव्हर, नुसता ऐकण्यापुरता. त्याची तार टॉवरला न बांधता बाजूच्या बाभळीवर फेकलेली, कारण दुसऱ्याच्या खांबाला न विचारता तार बांधायची नाही हे तुम्ही शिकवलं, आणि कसं शिकवलं तेही माझ्या लक्षात आहे. सातला अमरावतीचा आवाज आला. वऱ्हाडातल्या हॅम लोकांची, म्हणजे घरून रेडिओवर बोलणाऱ्या हौशी लोकांची, रोजची हजेरी सुरू झाली, तिला ते नेट म्हणतात. अकोला आला, परतवाडा आला, धारणीचे मास्तर नेहमीसारखे खरखरीतून आले. फौजेतल्या माणसांची आठवण म्हणून वर्षातून त्या एका सकाळी यादी वाचतात, ती वाचली. हॅम माणूस गेला की तो मेला म्हणत नाहीत, त्याची की, म्हणजे मोर्स वाजवायची पट्टी, गप्प झाली म्हणतात. तशा गप्प झालेल्या सगळ्या जुन्या फौजींचे कॉलसाइन, लायसनबरोबर मिळतात ती हवेतली नावं, एकेक करून घेतले. तुमचा घेतला तेव्हा मी डोक्यावरची टोपी काढली. मग थांबलो. आता दोस्ताचं नाव येईल, तीनदा येईल, मग एक मिनिट कोणी बोलायचं बटण दाबणार नाही. तर अमरावतीवाला म्हणतो, सर्वांचे आभार, नेट बंद करतो. आणि लगेच एकानं दुसऱ्याला विचारलं, संत्र्याले औंदा भाव काय हाय.

मी तिथूनच फोन लावला. नेट आता एक इंजिनिअर चालवतो, अमरावतीचाच, माझ्याच वयाचा. बोलायला गोड. म्हणाला, "दादा, यादीत फक्त कॉलसाइनवाले असतात. ते फौजी असतील, पण हॅम नव्हते ना." मी म्हटलं, "इतके वर्षं घेत होते न तुमी." तो म्हणाला, "यादीत नव्हतं दादा, मी जुनं रजिस्टर पाहिलं आहे. बरं, आपला कॉलसाइन काय?" मी म्हटलं, नाही. "मग एखाद्या सदस्यामार्फत कळवा," म्हणाला, आणि ठेवला. अगदी तुमच्यासारखा बोलला. म्हणून तुमच्यावर राग काढून राहिलो. हे सगळं तुमचंच पेरलेलं आहे.

तुमचं माझं सुरूच भांडणातून झालं. मी तेव्हा एकवीस-बावीसचा, नववीतून पळालेला, केबलवाल्याकडं कामाला. या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर टाकायची, महिन्याला शंभर घरं जोडायची. तुमच्या गच्चीवर तो पाईपाचा उंच खांब दिसला, मला वाटलं पडीक आहे. चढलो, आमची केबल बांधली आणि समोरच्या कॉलनीत नेली. संध्याकाळी खाली उतरतो तर तुम्ही जिन्यात उभे. बनियन, मिशी, हातात पक्कड. "काहून बे, हा खांब तुह्या बापाचा हाय काय?" मी म्हटलं, "पडून तर होता." तुम्ही म्हणाले, "पडून नाही, उभा हाय. जे बांधलं ते सोड. आन सोडताना माह्या एका बी तारेले धक्का लागला तर तुले याच खांबाले बांधीन." मी वर गेलो, सोडली. उतरलो तेव्हा तुम्ही वेगळंच बोलले. "बिनापट्ट्याचा चढतं तू. हात चांगले हायत तुहे. पण मरशीन." आणि फौजेतला जुना कमरपट्टा आणून दिला. एवढी वर्षं गेली, आता कंपनीचा नवा पट्टा मिळतो, तरी चढायच्या आधी बकल दोनदा ओढून पाहायची सवय तुमच्या त्या शिव्यांतून लागलेली आहे.

मग मी येतच गेलो. तारा ताणायला, खांब रंगवायला, कधी नुसताच. काकूंच्या स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलेले, काकू तुरीच्या सोल्यांची भाजी करताहेत, भाकरी थापताहेत, आणि तुम्ही चमच्यानं ताटाच्या काठावर टकटक करून मला मोर्स शिकवता. छोटी टक म्हणजे टिंब, लांब म्हणजे रेघ. काकू म्हणतात, "जेवू द्या न त्याले, ताट फोडता काय." तुम्ही म्हणता, "पोटात गेलं की डोक्यात बसते." मी सांगतो, काका, मले इंग्रजी येत नाही. तुम्ही म्हणता, हे इंग्रजी नाही, हे गाणं हाय, ऐकत जाय. आणि खरंच तीन महिन्यांत मला यायला लागलं. शाळेत कधी काही आलं नाही, हे आलं.

पण बोलायच्या सेटला हात लावू दिला नाही. एकदा तुम्ही अंगणात गेले आणि मी खुर्चीत बसून की दाबली. नुसती एक रेघ. तुम्ही आले, सेट बंद केला, कनेक्शन काढलं आणि मला म्हणाले, आठ दिवस येऊ नको. मी म्हटलं, एका रेघेनं काय दुनिया बुडली? तुम्ही म्हणाले, "लायसन नसलेल्याचा हात हवेत जात नाही या घरातून. ऐक पाहिजे तेवढं. बोलाचं तर परीक्षा दे." आठ दिवस मी खरंच आलो नाही. नवव्या दिवशी काकूंनी केबलच्या ऑफिसात निरोप धाडला, की म्हातारा गच्चीकडं पाहत बसते, ये बापा.

दोस्ताचं तुम्ही एकदाच सांगितलं, खांबाला चंदेरी रंग मारताना, माझ्याकडं न पाहता. तो अकोल्याकडचा, तुम्ही अंजनगावचे. एकाच दिवशी भरती झाले, सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेचे निरोप पाठवणाऱ्या तुकडीत. लढाईत तो पुढच्या चौकीवरच्या सेटवर आणि तुम्ही मागं. सरकारी मेसेज संपला की तो गुपचूप दोन टिंबं जास्तीची मारायचा. टिक टिक. म्हणजे, मी हाय. नियमात नव्हतं ते. तुमचा साहेब ओरडला, आणि त्या सकाळी तुम्ही त्याला सेटवरूनच दटावलं, की फालतू टिंबं देऊ नको. दुपारी त्याचा मेसेज आला आणि थांबला. टिंबं आली नाहीत. तुम्हाला वाटलं, ऐकलं लेकानं. तुम्ही दुसऱ्या चौकीचा मेसेज घ्यायला लागले. किती वेळ गेला माहीत नाही म्हणाले, मग कळलं की मेसेज संपलाच नव्हता, अर्धा होता. दोस्ताच्या चौकीवर तेव्हा कोणी उरलं नव्हतं. एवढं सांगून तुम्ही ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि म्हणाले, खालचा जोड राहिला, तिकडं मार.

मला याचाच राग आहे, काका. नियमानं तुमचा दोस्त तुम्हाला कळू न देता गेला, आणि तरी तुम्ही आयुष्यभर नियमच धरून बसले. दुसरा कोणी असता तर त्यानं फेकून दिला असता. तुम्ही वर्षातून एकदा, त्या सकाळी, सगळ्यांची हजेरी झाल्यावर, माईक हातात घ्यायचे. घसा साफ करायचे. त्याचं नाव तीनदा, गावासकट. मग बटण सोडायचे आणि घड्याळाकडं पाहत बसायचे. मी शेजारी उभा असायचो. तेवढं एक मिनिट धारणीपासून अकोल्यापर्यंत कोणी खोकत नसे. मग तुम्ही म्हणायचे, "जबाब नाही. पुढल्या साली पुन्हा हाक देईन." बस. कोणाला तो कोण हेही तुम्ही कधी सांगितलं नाही. त्याच्या गावात त्याच्या नावाचा साधा दगड नाही. मी जाऊन आलो आहे. ग्रामपंचायतीतला बाबू म्हणाला, कोणत्या योजनेतले?

तुम्ही मला परीक्षेला नागपूरला पाठवलं तेव्हा काकूंनी डब्यात दशम्या दिल्या होत्या आणि तुम्ही बसस्टँडवर सोडायला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, जसा मी भरतीलाच चाललो. संध्याकाळी मी परत आलो आणि सांगितलं, नापास झालो. मला वाटलं चिडाल. तुम्ही आत गेले, ट्रंक उघडली आणि फडक्यात गुंडाळलेली पितळी की आणून माझ्या हातात दिली. "मी बी पयल्यांदा नापासच झालतो," म्हणाले. "ही घे. घरी हात चालू ठेव. हात गेला नाही पाहिजे." त्यानंतर महिन्याभरात मी टॉवरच्या कंपनीत लागलो आणि निघालो. एका जागी माझा पाय टिकत नाही हे तुम्हाला माहीत होतं. छत्तीसगड, तेलंगण, मग इकडं. तुम्ही गेले तेव्हा मी रायपूरकडं सत्तर मीटर उंच टॉवरवर होतो. खाली उतरलो तर फोनवर अकोल्याच्या चाचांचे नऊ मिस्ड कॉल.

चाचा म्हणजे तुमचे ते रेडिओ दुरुस्तीवाले, ज्यांच्याशी तुमचं रोज सकाळी भांडण व्हायचं, कोणाचा आवाज जास्त साफ येतो म्हणून. काकू लेकीकडं राहायला गेल्या तेव्हा तुमचा सेट त्यांनी चाचांकडं दिला, कारण लायसनवाल्यालाच द्यायचा असतो. तिथंही नियम. तुमच्यामागं दरवर्षी ते नाव चाचांच्या आवाजात ऐकू येत राहिलं, म्हणून मी निश्चिंत होतो. मला वाटायचं, यादीतच असेल, चाचा नुसतं वाचून दाखवतात.

इंजिनिअरचा फोन झाल्यावर मी चाचांना लावला. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आहे, मला माहीत नव्हतं. फोनमधून नुसती हवा येत होती, एकेक शब्द कानाला दाबून ऐकावा लागला. मी भडभडून बोललो. म्हटलं, चाचा, त्या पोट्ट्यानं नाव काढून टाकलं, तुमी काही म्हणत काहून नाही. चाचा म्हणाले, "बाबू, काढाले ते होतं कुठं? यादी में कभी नहीं था."

"मग काका कसे घेत होते?"

"अपनी पाळी में. हर एक को नेट पर एक पाळी मिलती है न, कोई संत्र्याचा भाव सांगते, कोई बारिश सांगते. हवालदारसाब आपल्या पाळीत हाक देत होते. कोणाची परमिशन नाही, कोणाचा नियम मोडला नाही. त्यांच्यामागं मी माह्या पाळीत दिली. आता माह्या घशातून हवाच निघते, बेटा. मी हाक दिली तर लोक समजतील खरखर हाय."

मी म्हटलं, मग दुसऱ्या कोणाले सांगा. चाचा मग म्हणाले, "दूसरा कौन जानता है उसको? एक तू. तो बोल न तू. रोका किसने?"

"लायसन नाही चाचा."

"ते कोणाची गलती? इंजिनिअरची?"

आणि हसले, म्हणजे हवा दोनदा निघाली. म्हाताऱ्याचा घसा गेला, पण टोमणा शाबूत आहे.

परवा टॉवरवर बोल्ट कसताना पान्यानं दोनदा टकटक झालं, आपोआप, आणि खालचा पोरगा ओरडला, काय पाहिजे उस्ताद? मी म्हटलं, काही नाही. मला तुमच्याशी अजून भांडायचं आहे. तुम्ही त्या बटणाला हात लावू दिला असता तर मी कधीच तिथं बसलो असतो, असं मी एवढी वर्षं म्हणत आलो. दारू पिऊन म्हणालो, न पिता म्हणालो. पण ते तसं नाही, आणि हे पत्र लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच, बाकीचं सगळं मध्येच आलं.

नागपूरला मी नापास झालो नव्हतो, काका. बसलोच नव्हतो. त्या ऑफिसच्या फाटकापर्यंत गेलो. आत पोरं होती, खिशाला पेन, आपसात इंग्रजीत बोलणारी. मी रस्ता ओलांडला, चहाच्या टपरीवर बसलो, काकूंच्या दशम्या खाल्ल्या आणि चारची बस धरली. बसमध्ये ठरवलं की नापास सांगायचं, नापासात निदान बसल्याची इज्जत आहे. आणि तुम्ही त्याच्यावर मला की दिली. ती माझ्या पान्यांच्या पिशवीत आहे. रोज तिच्यावर हात चालवतो, तेवढं मात्र खोटं नाही.

या पत्राला तिकीट लावून टाकायला पेटी नाही. ते कीच्या फडक्यातच गुंडाळून ठेवतो. परीक्षेचा फॉर्म चाचांच्या पत्त्यावरून भरतो आहे, परीक्षा नागपूरलाच आहे, आणि या वेळी चाचा स्वतः फाटकापर्यंत येणार म्हणतात, माझ्यावर भरवसा नाही म्हणून. फॉर्मची फी, फोटो, तुमच्या सेटला नवी बॅटरी आणि त्यांच्या गच्चीवर खांब ताणायला तारा, असं सगळं धरून आज चाचांना पाठवले, चार हजार सहाशे रुपये.