डावऱ्याचं प्रकरण नऊ

सोमवार, ३ मार्च
डावऱ्याच्या आत्मचरित्रातले तपशील तपासतेय, आज पुन्हा तीन चुका! पहिला गोल ज्या मैदानावर केला म्हणतो, ते तेव्हा बांधूनच झालं नव्हतं. फुटबॉलपटू केवढा मोठा, आणि आठवण म्हणजे चाळणी. संपादक म्हणाले, "तुझ्या हाती लागलं की लेखकाची धडगत नसते." मी दिवसभर खूश.

मंगळवार, ४ मार्च
प्रकरण नऊ. अंतिम सामन्याआधी त्याच्या आईचा मोबाइलवर निरोप – 'बाबांचं काही खरं नाही, लगेच निघ.' आजवरच्या सगळ्या मुलाखतींत एकच पाठ – कोचनी खेळाडूंचे फोन काढून घेतले होते, बिचाऱ्याला सामना संपल्यावर कळलं. आणि इथे तो स्वतःच सांगतोय – "फोन माझ्याकडेच होता. निरोप वाचला. फोन बुटांच्या पिशवीत टाकला आणि खेळायला उतरलो." बाबा मध्यंतराच्या सुमारास गेले.

कोचना फोन केला. "फोन मीच घेतले होते. तसंच लिहा," म्हणाले आणि ठेवलाच! दोघांतला एक खोटं बोलतोय. म्हणजे तिसरं माणूस हवं. आई.

बुधवार, ५ मार्च
आमच्या कामात मजकूर कुणाला वाचून दाखवायचा नसतो. नुसते प्रश्न विचारायचे. नवीन येणाऱ्यांना हे मीच घसा फोडून सांगते.

डावऱ्याच्या आईंना फोन लावला. त्यांना ऐकायला कमी येतं. इकडे छापखाना मानगुटीवर. तोच प्रश्न किती वेळा विचारणार? वैतागले आणि 'फोन माझ्याकडेच होता, निरोप वाचला' हे सरळ पुस्तकातलंच वाचून दाखवलं.

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज होता, तो थांबला.

"परत वाच."

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. परत वाचलं! आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून. गाढव आहे मी.

"बरं," म्हणाल्या. फोन ठेवला.

जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "कुणाशी भांडलीस?" भांडले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, ६ मार्च
डावऱ्या ऑफिसात आला. वाटलं, आता आरडाओरडा करणार. तो खुर्चीत नीट टेकलासुद्धा नाही.

"रविवारी घरी जाणार होतो. आईला समोर बसवून सांगणार होतो. छापून आल्यावर लपवता येणार नाही, म्हणून तर पुस्तकाला हो म्हटलं. तुमच्या ऑफिसातून वाचून दाखवलं एवढंच म्हणाली, आता फोनच उचलत नाही."

आणि मी काय बोलावं? – "मी फक्त खातरजमा करत होते." स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तो गेल्यावर संपादक म्हणतात, "चला, माहिती तरी पक्की झाली!"

शुक्रवार, ७ मार्च
लाज वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

रविवार, ९ मार्च
आईंचाच फोन आला. मी माफी मागायला लागले आणि रडूच फुटलं.

"रडू नकोस गं. मला त्याच दिवशी माहीत होतं. निरोप वाचल्याच्या त्या दोन निळ्या खुणा मी दवाखान्यात बसून बघितल्या होत्या. कोचना शिव्या घालत राहिले, याला चारचौघांत मान खाली घालायला लागू नये म्हणून. इतकी वर्षं वाट बघत होते, की कधीतरी माझ्याजवळ बसेल आणि स्वतःच्या तोंडाने सांगेल."

मग म्हणाल्या, "ते तू सांगितलंस."