अण्णांचं खुलं कॉलेज

प्रिय अण्णा,

जय भीम.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. या काळात मनातल्या मनात मी तुमच्याशी पुष्कळ भांडले, पण कागदावर भांडायची वेळ आज आली. आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी एक प्रस्ताव आणलाय आणि तो ऐकताना मला वाटलं, तुम्हीच रात्री त्यांच्या स्वप्नात जाऊन बोलून आलात की काय! आसपासच्या कोणालाही, वय काही असो, मार्क असोत नसोत, आमच्या वर्गात येऊन मोफत बसता यावं, असं त्या म्हणतायत. शनिवारी स्टाफची मीटिंग आहे. बाजूने कोण बोलणार असं विचारल्यावर सगळ्यांची बोटं माझ्याकडे. म्हणे, सुरुवात तुमच्याच वडिलांनी केली होती. आता यावर मी काय बोलणार?

तुमचा तो आठवडा आमच्या स्टाफरूममध्ये अजून सांगतात, अण्णा. नवीन कोणी लागलं की त्याला हा किस्सा ऐकावाच लागतो.

मी नुकतीच तिथे शिकवायला लागले होते आणि तुम्ही कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झाला होता. कॉलेज आतून कसं असतं ते बघायचं तुमच्या डोक्यात आलं. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की त्याला अ‍ॅडमिशन लागते. पण तुम्हाला सवय आपल्या विहाराची. रविवारी वंदनेला कोणीही यावं, चपला बाहेर काढाव्यात, सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसावं. तू कोण, कुठला, असं कोणी विचारत नाही. जिथे शिकवतात तिथला नियम हाच असणार, असं तुम्ही सरळ धरून चाललात. सोमवारी सकाळी पांढरा शर्ट घालून विठ्ठलवाडीहून ठाण्याला आलात, राज्यशास्त्राच्या वर्गाबाहेर चपला काढल्यात आणि मागे जाऊन बसलात. माझे तास दुपारचे आणि घरी यायला रात्र, म्हणून मला आठवडाभर पत्ताच नव्हता.

सरांना वाटलं, इन्स्पेक्शन कमिटीचे साहेब! त्या वर्षी कमिटी कधीही येणार अशी हवा होती. त्यात तुमचा तो गंभीर चेहरा आणि खिशाला पेन. पोरांनी तुमच्या चपला पाहिल्या आणि कमिटीचा नवीन नियम समजून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापले बूट-सँडल दाराबाहेर ओळीने लावले. शिपाई तुमच्यासाठी वेगळा चहा आणायला लागला. एरवी जुन्या नोट्स वाचून दाखवणारे सर उभे राहून, फळ्यावर आकृत्या काढून शिकवायला लागले. त्या आठवड्याइतकं चांगलं सरांनी आधीही शिकवलं नव्हतं आणि नंतरही नाही, असं त्या बॅचची पोरं आजही सांगतात.

शेवटी सरांनीच तुम्हाला गाठून हळूच विचारलं, रिपोर्टमध्ये काय लिहिणार?

"कसला रिपोर्ट? मी विठ्ठलवाडीवरून आलोय. रिटायर झालो, टाइम होता, म्हणून आलेलो. तुम्ही शिकवता मस्त, फक्त फळ्यावर जरा मोठं लिहा."

मग प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये तुमची रवानगी. आत कोणी सोडलं, या प्रश्नावर तुमचं उत्तर एकच, दार उघडं होतं. त्यांनी तुम्हाला बिस्किटं देऊन सन्मानाने घरी पाठवलं. मी बाहेर पॅसेजमध्ये उभी होते आणि धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं होतं. आता मात्र हसू आवरत नाही.

त्या संध्याकाळपासून आपला वाद जो सुरू झाला तो तुमच्या शेवटच्या आजारपणापर्यंत चालला. तुमचं म्हणणं, वरचं शिक्षणसुद्धा सगळ्यांना मोफत आणि खुलं पाहिजे. माझं म्हणणं, बोलायला सोपं आहे. माझा कोर्स विनाअनुदानित, माझा पगार पोरांच्या फीमधून येतो. सगळं मोफत झालं तर मला पगार कोण देणार? तुम्ही?

"सरकार रस्ता बांधतं तेव्हा मधे उभं राहून विचारतं का, तू कशाला चाललास? रस्ता आहे, चाल."

त्यावर मी म्हटलं होतं, रस्त्यावर बाक लागत नाहीत, अण्णा. तुम्ही मान्य केलंत, पण हरला नाहीत. हरायचा तुमचा स्वभावच कुठे होता! मी सांगायचे की जिची मुलं कधी कॉलेजात जाणार नाहीत अशी भाजीवालीही कर भरते, तिच्या पैशावर डॉक्टरांच्या मुलांनी मोफत का शिकावं? तुम्ही शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचात, मग तिच्या पोरांनापण आत घ्या, विषय संपला. तुमचे विषय असेच संपायचे आणि माझं डोकं तडकायचं.

खरं सांगू? तुमचा मुद्दा मला कधी पटला नाही, पण तुम्ही पटत गेलात. मॅट्रिकनंतर कल्याणच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलेलं असताना घर चालवायला तुम्हाला कंपनीत जावं लागलं, हे मला काकांकडून कळलं. तुम्ही स्वतः त्याबद्दल कधी कुरकुरला नाहीत. मला तुमचा फार अभिमान वाटतो, अण्णा. हे तुमच्या तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही लगेच वादात जिंकल्यासारखा चेहरा केला असता, म्हणून राहिलं.

तर काल संध्याकाळी मी शनिवारच्या भाषणाची तयारी करत होते. आई आता माझ्याकडेच असते, वर्तकनगरला. ती सुकट निवडत बसली होती आणि मी तिला वाचून दाखवत होते. तुमचा किस्सा, मग तुमचा रस्ता, मग मोठ्या आवाजात शेवट, 'माझे वडील म्हणायचे, शिक्षण सगळ्यांसाठी.' टाळ्या नाहीत, निदान एक 'छान' तरी येईल असं मला वाटलं.

आई मान वर न करता म्हणाली, "सगळ्यांना सांगायचे ते. अख्ख्या चाळीला सांगून झालं. मला नाय कधी बोलले, तूपण चल म्हणून. सगळ्यांमधे मी नव्हते काय गं?"

अण्णा, ती रागावली नव्हती, हे सांगायला हवं. सुकटीची डोकी काढत, जेवायला काय करू असं विचारतात तशी ती विचारत होती. सातवीनंतर तिची शाळा सोडवली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्या आठवड्यात रोज तुमचा पांढरा शर्ट तिनेच इस्त्री केला. संध्याकाळी तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून शेजारच्या बाप्यांना त्या दिवशीचा तास सांगायचात आणि ती आत तुमच्या श्रोत्यांसाठी चहा टाकायची.

तिथूनच ऐकायचे, असं ती म्हणाली. "राज्यपालाला कोण नेमतं, तिथवर आलेलं. पुढचं राहिलं. दूध उतू गेलेलं."

आम्ही दोघी इतक्या हसलो! हसता हसता माझे डोळे भरून आले. आईने मला सुकटीच्या हाताने डोळे पुसू नकोस म्हणून दटावलं. तुम्ही असं कसं केलंत हो? सरकारशी भांडलात, माझ्याशी भांडलात, आणि स्वयंपाकघरात दोन पावलं जाऊन तिला विचारायचं तुमच्या मनात आलं नाही? तुमच्या मनात काही वाईट होतं, असा प्रश्नच नव्हता. ती तुमच्या डोळ्यांसमोरच होती, म्हणून दिसली नसेल. मलाही कुठे दिसली? मीही तिथेच जेवत होते आणि तिच्या हातचं खाऊन तुमच्याशी वाद घालत होते.

मग मी विचारलं, आता येशील? झालं, कारणं सुरू. गुडघे दुखतात. पोरं हसतील. नेसायचं काय? एकेक कारण मी खोडून काढलं. मग तिने फी किती ते विचारलं. काही नाही म्हटल्यावर तिने काय म्हणावं? मग मला नको!

तुमच्या घरातच तुमचा विरोधक निघाला बघा. तिला पेन्शन मिळते, ती काहीतरी देणार म्हणजे देणार. मी तिच्याकडे माझ्या पक्षात आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघायला लागले, तर तिने मलाही सोडलं नाही. खाली इमारतीचा जिना पुसायला येणाऱ्या बाईंची मुलगी आहे, तिच्याकडे फी मागायची नाही, असं तिने बजावलं.

"आहे त्याने द्यावं, नाय त्याने बसावं. आणि कोणी दिलं, कोणी नाय, ते वर्गात कळता कामा नये."

एवढी वर्षं आपण दोघं तावातावाने बोलत होतो, अण्णा. तिसऱ्या माणसाला विचारलं असतं तर जेवणं तरी वेळेवर झाली असती.

भाषण मी काल पुन्हा लिहायला घेतलं. माझ्या पगाराचं काय होणार ते मला अजून ठाऊक नाही आणि बाकांचा प्रश्नही तसाच आहे. मीटिंगमध्ये तो मीच उपस्थित करणार, नाहीतर दुसरं कोणीतरी करेलच. प्रस्ताव मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. आमच्या गेटवर आता ओळखपत्राशिवाय प्रोफेसरलाही सोडत नाहीत. पण दार उघडावं, असंच मी बोलणार आहे आणि मनापासून बोलणार आहे. म्हणजे तुम्ही जिंकलात. घ्या!

फक्त एक वचन देते, ते आधीच ऐकून ठेवा. शनिवारी उभी राहिले की 'माझे वडील म्हणायचे' अशी सुरुवात करणार नाही. 'माझी आई विचारते' अशी करीन.

तुमची, अजूनही वाद घालणारी,
सुजाता