साक्षीदार म्हणून माझी सही

४ फेब्रु.
भामाकाकूला धाराशिवला आणलं. बरोबर त्यांचे भाऊ तुकाराममामा. काकूला तीन वर्षांपासून हर्निया, मेंढरांमागं चालवंना. गावची आशा सेविका म्हणून मीच चार खेटे घातले, सरकारी योजनेत फुकट होतंय म्हणून. दवाखाना खाजगी, पण योजनेतला. योजनेचं कार्ड, आधार दिलं. सह्या, अंगठे. भरती झाली.

५ फेब्रु.
ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्या आल्या काकू, "मेंढरं कुणी सोडली गं?"

७ फेब्रु.
डोकं चालंना. घरी सोडायच्या वेळी काउंटरवरच्या मॅडमनी अठ्ठावीस हजारांचं बिल पुढं केलं. म्हणे हर्नियाच्या जागी आत बसवलेली जाळी भारीची, ती योजनेत बसत न्हाय. मामा माझ्याकडं बघायले. मी म्हणलं, आधी सांगितलं का कुणी? त्यांनी कागद काढला. 'स्वखर्चाने जाळी बसवण्यास संमती.' काकूचा अंगठा, खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

जिन्यापाशी रुग्णांच्या हक्कांचा तक्ता आहे. बिलासाठी पेशंट अडवता येत नाही, असं लिहिलंय. मॅडमना दाखवलं. "अडवलंय कुठं? डिस्चार्ज कार्ड तयार व्हायचंय." तीन तास झाले तरी तयार होईना. शेवटी मामांनी जावयाकडून फोनवर पैसे मागवून भरले. कार्ड लगेच आलं.

एस.टी.नं गावी परत आलो.

८ फेब्रु.
सही माझीच आहे. पण भरतीला सात-आठ कागद एकामागं एक पुढं आले. त्यात हा होता? मजकूर होता, का कोरा होता? आठवायला गेलं की दोन्ही खरं वाटतंय.

१२ फेब्रु.
योजनेच्या ऑफिसात तक्रार दिली. साहेबांनी फाईल काढून बघितली. जाळी एकच, तिचे पैसे दवाखान्यानं योजनेलाही लावलेत अन् काकूलाही. मग पैसे परत मिळतील? "मिळायला पाहिजेत. पण दवाखाना तुमच्या सहीचा कागद दाखवणार. तुम्ही लेखी जबाब द्या."

न वाचता सही केली म्हणावं, तर आशाच्या कामावर येतंय. वाचून केली म्हणावं, तर काकूला मीच...

१३ फेब्रु.
काकूच्या टाक्यांवरची पट्टी बदलायला गेले. जखम सुकलीय. म्हणाल्या, "कागद कोरा होता असंच लिही की. तुझ्याकडं बघून अंगठा दिला म्या."
मामा म्हणाले, "ताईला जे आठवतंय ते लिहू दे."
मला आठवतच न्हाय, हे दोघांनाही सांगता आलं न्हाय.

१६ फेब्रु.
सकाळी दवाखान्यातून फोन. डॉक्टर स्वतः. गोड बोलले. "अर्धे परत देतो, ताई. तक्रार तेवढी मागं घ्या. तुमच्या गावचे पेशंट आम्ही कधी परत पाठवलेत का?" खरंय, न्हाय पाठवले. काकूचं ऑपरेशनही चांगलंच केलंय त्यांनी. मी हूं म्हणलं. कशाला म्हणलं, कळंना.

जबाब उद्या द्यायचाय. नाव, गाव लिहून झालं. खाली लिहिलंय, 'सही माझी आहे.' त्याच्या पुढं अजून कोरंच.