भुवईला खोक असलेली देवी

तीर्थस्वरूप वाल्मीकमामांच्या पायांशी मयूरचा नमस्कार.

तुमचा गुडघा, मामीची दाढ आणि नवी गाय या तिघांची प्रकृती ठीक असेल असे धरून चालतो. फोनवर तुम्ही "हां, हां" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितो आहे. पत्र दोनदा तपासले आहे. (अकरावी सुटली, ऱ्हस्व-दीर्घ सुटले नाही.)

माझे काम तुम्हाला अजून उमगलेले नाही असे मामी म्हणाली. गंगापूर रोडचे गायधनीसाहेब आर्किटेक्ट होते आणि मूर्तिकारही. ते गेले. दिवाळीनंतर त्यांचा बंगला पाडणार आहेत आणि कागद मुंबईची एक संस्था जपायला नेणार आहे. ते उलगडून, झटकून, क्रमाने लावणे हे माझे काम. सगळे नुसते नकाशे नाहीत. (एका पतपेढीच्या नकाशात तिजोरीच्या खोलीभर नाकेच काढली आहेत.) उंची कळावी म्हणून नकाशात जिन्यापाशी एक माणूस काढतात. इतरांचा तो काठीसारखा असतो. साहेबांचा दमलेला असतो, बिडी शोधत असतो, कोणाची तरी वाट बघत असतो. कागदांबरोबर त्यांनी घडवलेल्या मूर्तीही आहेत. नकाशे आणि मूर्ती हे एकच काम आहे, त्यांची ताटातूट करू नका, असे साहेब मुलीला, म्हणजे तृप्तीताईंना, सांगून गेले. हे ध्यानात ठेवावे, कारण मी नेमकी तीच ताटातूट करून बसलो आहे.

झाले असे, की खंडेनवमी आली. तुम्ही थापी-ओळंबा धुऊन पुजताना मी लहानपणापासून पाहिले आहे, मग साहेबांच्या पट्ट्या, कंपासपेटी आणि छिन्न्या तशाच कशा ठेवणार? ओळीत मांडून सगळ्यांना हळद लावली. (कुंकू संपले होते.) ओळीच्या शेवटी डोक्यावरून पदर घेतलेल्या एका बाईचा प्लास्टरचा अर्धपुतळा होता. तिला एकटीला वगळणे बरे दिसेना, म्हणून तिच्याही कपाळाला लावली. प्लास्टरने हळद पिऊन टाकली. मी घाबरून ओल्या फडक्याला साबण लावून घासू लागलो. साबणाने हळद लाल होते हे मी लग्नाच्या प्रत्येक शर्टावर पाहिले आहे, पण ऐन वेळी आठवले नाही. कपाळ लालभडक झाले. त्याच क्षणी शेजारच्या अक्काबाई कढीपत्ता तोडायला आल्या होत्या. त्यांच्या देखत देवीने स्वतःचे कुंकू स्वतः लावून घेतले.

मी त्यांना साबण दाखवला. त्यांनी साबणालाही हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका ओटी घेऊन येऊ लागल्या. तृप्तीताई म्हणाल्या, बाबा असताना त्यांचे काम बघायला एवढी माणसे कधी आली नाहीत. त्या हसल्या आणि ओटीचे तांदूळ डब्यात भरू लागल्या.

मग मुंबईहून त्या संस्थेच्या निकिता मॅडम आल्या. पुतळ्यापुढे नारळांची रास पाहून त्यांनी हात आखडता घेतला. पूजेतली मूर्ती संस्था घेत नाही. कागद जातील, ही इथेच राहील. अक्काबाई तिला कोपऱ्यावरच्या उंबराखाली बसवायला तयारच आहेत. तिथे उघड्यावर प्लास्टर एका पावसातही टिकणार नाही.

तेव्हा मी तो चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. डावी भुवई मध्येच तुटलेली होती. देवीच्या भुवईला खोक कशी, असे मी अक्काबाईंना विचारले.

"सोसलं असंल तिनं बी," त्या म्हणाल्या.

मला मात्र ती खोक ओळखीची वाटली. घमेल्यातून वीट निसटून भुवईवर पडल्याची गोष्ट तुम्ही आमच्याकडे प्रत्येक जेवणात सांगता. मग साहेबांच्या एका शाळेच्या नकाशात पायरीवर बसलेला माणूस सापडला. डोक्यावरून टॉवेल, खाली तीच भुवई. त्या शाळेचे बांधकाम तुमच्याकडे होते ना? आजोबा गेले तेव्हा डोके-मिशी काढून, तेरावा होताच तुम्ही कामावर हजर झालात, असे आई सांगते. मामा, तो पदर नाही, टॉवेल आहे. गल्ली तुमची ओटी भरते आहे.

विटेचे तुम्ही शंभरदा सांगितले, त्या दिवसांचे एकदाही नाही. साहेबांनीही विचारले नसेल, नुसते पाहिले असेल. मला वाटते, बायका साबणामुळे येत नाहीत. या चेहऱ्याला आपले सांगितले तर कळेल, असे त्यांना वाटते. (काल कोणी नसताना मीही थोडे सांगितले.)

मी खरे काय ते सगळ्यांना सांगितले. मोबाइलमधला तुमचा फोटो दाखवला. अक्काबाई म्हणाल्या, "हा? हा तर फौजदार दिसतो." निकिता मॅडमचे म्हणणे, माणूस समोर आला आणि पटला, तर गवंडी वाल्मीक यांचे शिल्प अशी नोंद करून कागदांबरोबर नेते. त्या गुरुवारी परत येत आहेत.

मामीला नमस्कार, गायीला थोपटणे.

तुमचा,
मयूर

ता. क. गुरुवारी सायखेड्याहून सकाळच्या एसटीने यावे. टॉवेल आणावा.

ता. क. दुसरा. मिशी काढून यावे. मामीला आधीच विचारले आहे. ती म्हणाली, "तवा त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. आता बघीन."

ता. क. तिसरा. माणूस निघाला तरी एकदा कुंकू लागलेले कपाळ आपण रिकामे पाठवणार नाही, असे अक्काबाईंनी ठरवले आहे. ओटीच्या खणाचा रंग कोणता हवा, असे त्या विचारत होत्या. तुमच्या वतीने मी हिरवा सांगितला आहे.